आत्महत्येने गेलेला गायक मनाच्या आरोग्यासाठी 'आदर्श' असू शकतो का?

गोदाकाठची (शनिवार, रात्री १०:५०)

चार दिवस लिहू की नको करतेय. आज मुलगा झोपल्यावर बसले एकदाची.

आम्ही इंदिरानगरला राहतो. मुलगा बारावी सायन्सला. सकाळी कॉलेज, दुपारपासून गंगापूर रोडला क्लास, उरलेल्या वेळात गिटार. (उरलेला वेळ म्हणजे रात्री अकरानंतर. शेजारच्या काकूंना विचारा.) १० ऑक्टोबरच्या जागतिक मानसिक आरोग्य दिनासाठी कॉलेजात प्रत्येकाला पाच मिनिटं बोलायचं होतं, 'मन जपायला शिकवणारी व्यक्ती' या विषयावर. कुणी योगगुरू घेतले, कुणी क्रिकेटपटू, दोघीतिघींनी दीपिका पदुकोण. आमच्या चिरंजीवांनी घेतला चेस्टर बेनिंग्टन. लिंकिन पार्क नावाच्या अमेरिकन रॉक बँडचा गायक. २० जुलै २०१७ ला, वयाच्या ४१ व्या वर्षी त्याने आत्महत्या केली.

सरांनी नाव वाचलं आणि भर वर्गात म्हणाले, "ज्याला स्वतःचं मन जपता आलं नाही तो तुम्हाला काय शिकवणार? दुसरं नाव आण." पोरं हसली. हा घरी येऊन काही बोलला नाही. मला दुसऱ्या मुलाच्या आईकडून कळलं.

खरं सांगू? माझ्याही मनात आधी सरांचंच वाक्य आलं. मग पोटात गोळा आला. एवढ्या जगात याला हाच माणूस का सुचला? भिंतीवर दोन वर्षं त्याचं चित्र आहे आणि मी कधी विचारलंसुद्धा नाही की हा कोण.

तर दोन प्रश्न. सरांचं चुकलं का? आणि मी याच्याशी बोलू कशी? नवरा म्हणतो, विषयच काढू नको, नसलेलं डोक्यात भरशील.

आडगावनाका (शनिवार, रात्री ११:०५)

बारावीच्या पोराला गिटार कशाला? नीट-जेईई होईपर्यंत माळ्यावर टाका. ही सगळी भरल्या पोटाची दुखणी आहेत.

मिसळ_जादा_तर्री (शनिवार, रात्री ११:१२)

आडगावनाका, तुम्ही प्रत्येक धाग्यावर काही ना काही माळ्यावर टाकायला सांगता. तुमचा माळा केवढा आहे?

ताई, सरांना एवढाच त्रास असेल तर ए. आर. रहमान घ्यायला सांगा. नऊ वर्षांचा असताना वडील गेले. पंचविशीपर्यंत आत्महत्येचे विचार यायचे, हे त्याने स्वतः २०१८ मध्ये मुलाखतीत सांगितलंय. घराच्या मागच्या अंगणात स्टुडिओ उभा केला, १९९२ ला पहिला गाजलेला तमिळ सिनेमा 'रोजा', २००९ ला दोन ऑस्कर. गायकही आपला, शेवटही गोड. सर खूश.

सातपूरकर (रविवार, पहाटे २:२०)

सेकंड शिफ्ट सुटून आत्ता आलो, म्हणून ही वेळ.

मिसळराव, रहमान मोठाच आहे, वाद नाही. पण "शेवट गोड असलेला माणूस घ्या" हे मला पटत नाही. का ते सांगतो, थोडं लांबेल.

मी २००३ च्या सुमाराला इंजिनिअरिंगला होतो. होस्टेलवर कुणीतरी पायरेटेड सीडी आणली होती, तीत लिंकिन पार्कचा २००० सालचा पहिला अल्बम होता. इंग्रजी माझं बेताचंच. निम्मे शब्द कळायचे नाहीत. पण तो माणूस ओरडायचा ते कळायचं. आमच्या घरात ओरडायची परवानगी फक्त वडिलांना होती. चार विषय राहिले होते, घरी सांगितलं नव्हतं, आणि रात्री हेडफोन लावून कुणीतरी माझ्यासाठी ओरडतंय असं वाटायचं.

पुढे वाचलं की लहानपणी त्याच्यावर लैंगिक अत्याचार झाले होते, नंतर दारू, ड्रग्ज. हे त्याने मुलाखतींतून स्वतः सांगितलं, कुणी उकरून काढलं नव्हतं. २०१७ च्या फेब्रुवारीतल्या एका रेडिओ मुलाखतीत तो जे बोलला त्याचा अर्थ असा: माझ्या दोन कानांमधली जागा ही वाईट वस्ती आहे, तिथे मी एकट्याने जाऊ नये. पाच महिन्यांनी गेला. त्याचा जवळचा मित्र ख्रिस कॉर्नेल, तोही गायक, त्याच वर्षी १८ मे ला तसाच गेला होता. त्याच्या अंत्यविधीला चेस्टर गायला होता. २० जुलै हा कॉर्नेलचा वाढदिवस.

बातमी आली तेव्हा मी लाइनवर होतो. सुपरवायझरला म्हटलं पोट दुखतंय. 'माझा आवडता गायक गेला' म्हणून कोण सुटी देणार.

आता मुद्दा. २०२१ मध्ये मी स्वतः खड्ड्यात होतो. झोप नाही, जेवणाला चव नाही, मुलगी मांडीवर येऊन बसली तरी काही वाटायचं नाही. बायकोने हाताला धरून मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. गाण्याने बरा झालो नाही, गोळ्यांनी आणि डॉक्टरांशी बोलून झालो. गोळी सुरू केल्यावर दोन-तीन आठवडे काहीच फरक पडला नाही, चौथ्यात झोप लागली. पण पहिल्या दिवशी डॉक्टरांनी "काय होतंय?" विचारलं तेव्हा माझी दातखीळ बसली. मराठीत शब्दच सुचेना. आपल्याकडे 'टेन्शन' आहे, 'डोकं फिरलंय' आहे, मधलं काही नाही. मग ते वाईट वस्तीचं वाक्य मोडकंतोडकं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "कळलं."

तो जगायला हवा होता. जगला नाही. पण मला दवाखान्यात बोलायला वाक्य त्याने दिलं. सरांना हे कसं समजवायचं ते मला माहीत नाही.

तंबोरा (रविवार, सकाळी ६:१५)

पंचवटीत गेली सदतीस वर्षं गाणं शिकवतो. त्या ओरडण्याला संगीत म्हणावं की नाही यावर इथे बोलत नाही, सकाळची वेळ आहे.

मन जपणारा संगीतकारच हवा असेल तर मुलाला सांगा, सातासमुद्रापार कशाला? पं. विष्णु दिगंबर पलुस्कर. लहानपणी फटाक्याने डोळे गेले. मिरजेला बाळकृष्णबुवांकडे गाणं शिकले. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. पुढे मुंबईच्या विद्यालयाची इमारत कर्जापायी हातची गेली. एखादा मोडून पडला असता. पलुस्करबुवा आपल्या नाशकात आले, रामनाम आधार आश्रम उभा केला, रामधून गात राहिले. समर्थांनी इथेच टाकळीला बारा वर्षं काढली, मनाला उपदेश केला. आपल्या मातीत हे सगळं आहे. गोळ्या कसल्या खाता?

आडगावनाका (रविवार, सकाळी ७:३०)

+१ बुवा.

शब्दांची_पेटी (रविवार, सकाळी ९:४०)

नाशिकरोडला समुपदेशक म्हणून काम करते. बऱ्याच गोष्टी एकत्र झाल्यात, सुट्या करते.

आधी ताईंच्या यजमानांचा मुद्दा, कारण तो सगळ्यात घाईचा. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. याचा अभ्यास झालेला आहे आणि आम्हाला प्रशिक्षणात पहिल्याच आठवड्यात हे शिकवतात. उलट, सरळ विचारलं की मूल सैलावतं. "तुला कधी जगू नये असं वाटतं का?" एवढ्या साध्या शब्दांत. "तसलं काही करणार नाहीस ना?" असं नको, त्यात उत्तर आधीच भरून दिलेलं असतं. समोरासमोर बसवून तर मुळीच नको. गाडीवर मागे बसवून, नाहीतर भांडी आवरताना. डोळ्याला डोळा नसला की मुलं बोलतात.

तंबोराकाका, बुवांबद्दल तुमच्याइतकाच आदर आहे. पण बुवांना नैराश्य होतं की नव्हतं हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. "ते रामनामावर तरले, तू का नाही?" हे वाक्य आजारी माणसाच्या डोक्यावर धोंडा ठेवतं. मधुमेहाच्या माणसाला आपण असं म्हणत नाही. रामधून म्हणा, ढोलपथकात जा, चालायला जा, सगळं चांगलं आहे. गोळीची जागा घेत नाही, इतकंच.

आता सरांचा प्रश्न. सर अगदीच चूक नाहीत, त्यांच्या भीतीला आधार आहे. प्रसिद्ध माणसाच्या आत्महत्येच्या बातम्या चवीने, तपशिलासकट दिल्या की त्या काळात आत्महत्या वाढतात. याला वेर्थर परिणाम म्हणतात, जर्मन लेखक गटेच्या १७७४ च्या कादंबरीतल्या जीव देणाऱ्या नायकावरून. पण याची दुसरी बाजू फार थोड्यांना माहीत असते आणि गंमत म्हणजे ती संगीतातूनच आली आहे. मोझार्टच्या १७९१ च्या एका ऑपेरात पापागेनो नावाचा पक्षी पकडणारा आहे. प्रेयसी हरवली म्हणून जीव द्यायला निघतो. तीन लहान मुलं येऊन त्याला आठवण करून देतात, अरे, तुझ्याकडे घंटा आहेत, त्या वाजव की. तो वाजवतो आणि वाचतो. संकटातून माणूस कसा निघाला, मदत कुठे मिळते, हे सांगितलं की जीव वाचू शकतात, या निरीक्षणाला २०१० मध्ये ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी पापागेनो परिणाम असं नाव दिलं.

दोन उदाहरणं. एप्रिल १९९४ मध्ये अमेरिकन रॉक गायक कर्ट कोबेन आत्महत्येने गेला तेव्हा त्याच्या सिएटल शहरात आत्महत्यांची लाट येईल अशी सगळ्यांना धास्ती होती. तशी लाट आली नाही. हेल्पलाइनला येणारे फोन मात्र वाढले. तिथे जाहीर शोकसभेत आणि बातम्यांमधून मदतीचे नंबर दिले होते, त्याच्या बायकोने आपला राग आणि दुःख लपवलं नव्हतं, त्या मरणाला कुणी सुंदर केलं नाही. दुसरं, अमेरिकन रॅपर लॉजिक. २०१७ मध्ये त्याने एक गाणं काढलं, त्याचं नावच तिथल्या आत्महत्या-प्रतिबंध हेल्पलाइनचा फोन नंबर. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०२१ मध्ये अभ्यास आला. गाणं सर्वाधिक चर्चेत होतं त्या ३४ दिवसांत हेल्पलाइनला अपेक्षेपेक्षा ९,९१५ फोन जास्त आले आणि आत्महत्या अंदाजे २४५ ने कमी झाल्या. गाण्यामुळेच झालं असं छातीठोक म्हणता येत नाही, संशोधकही म्हणत नाहीत. पण आकडा विचार करायला लावणारा आहे.

म्हणजे मुलगा चेस्टरवर बोलला तर चालेल का? काय बोलतो त्यावर आहे. "वेदनेतूनच महान कला जन्मते" असं काही असेल तर मी सरांच्या बाजूने. ही भंपक कल्पना आहे आणि तिने बरीच पोरं उपचाराशिवाय ठेवली आहेत. दुःखाने गाणं होत नाही हो, रियाजाने होतं. तंबोराकाका एवढं तरी मान्य करतील.

तंबोरा (रविवार, सकाळी १०:०५)

एवढं मान्य.

संपादक मंडळ (रविवार, सकाळी १०:३०)

एका प्रतिसादातून मृत्यूच्या पद्धतीचा तपशील काढून टाकला आहे. कृपया असे तपशील देऊ नयेत. कुणाला बोलायची गरज वाटत असेल तर टेली-मानस: १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं.

मिसळ_जादा_तर्री (रविवार, दुपारी १२:१०)

पेटीताई, एक शंका. "आत्महत्या केली" म्हणू नये असं हल्ली कुठेतरी वाचतो. मग म्हणायचं काय?

शब्दांची_पेटी (रविवार, दुपारी १:००)

मराठीत अडचण अशी की शब्दातच 'हत्या' आहे, वर 'केली'. खून केला, चोरी केली, तसं. कायदाही बरीच वर्षं तसाच बघायचा, वाचलेल्या माणसावर दंडसंहितेचं ३०९ कलम लागायचं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला मे २०१८ मध्ये. तेव्हापासून असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं आणि त्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचे असं ठरलं. नव्या भारतीय न्याय संहितेत ते कलम घेतलेलंच नाही. मी "आत्महत्येने गेला" म्हणते, जसं आपण "कॅन्सरने गेला" म्हणतो. धागाकर्तीने शीर्षकात नकळत तेच लिहिलंय.

निफाडचा_बागाईतदार (रविवार, रात्री ९:१५)

मी इथं वाचतो फक्त, लिहीत नाही. आज लिहितो.

आडगावनाकावाले भाऊ म्हणले भरल्या पोटाची दुखणी. भाऊ, या आमच्याकडं. छाटणी झाली, दोन पैसे दिसायला लागले की अवकाळी येतो. गारपीट पंधरा मिनिटांची असती, कर्ज पाच वर्षांचं. गावातले दोन गडी माझ्या डोळ्यादेखत असे गेले. एकाच्या तर बागेला त्या साली भावही बरा मिळाला होता, म्हणून लोक म्हणत होते याला काय कमी होतं. मला तेव्हा कळलं की हे नुसत्या पैशाचं नाही.

आता तुमच्या मूळ मुद्द्याचं. आम्हाला चेस्टर माहीत नाही. आमच्या भजनी मंडळात एक पखवाजी आहेत. वय साठच्या आसपास. हात असा की सप्ताहाला बाहेरगावची मंडळं त्यांना मागून नेतात. मधी सहा-सात महिने ते यायचे बंद झाले. लोक म्हणले करणी झाली, कुणी म्हणलं पोरानं त्रास दिला. पखवाज देवळात खुंटीला लटकलेला.

एका एकादशीला आले. वाजवलं. हात जरा जड वाटला. भजन संपलं, प्रसाद वाटायच्या आत उभे राहिले आन म्हणले, "मंडळी, मी कुठं होतो ते सांगतो. मला डोक्याचा आजार झालाय, उदासीचा. महिन्यातून एकदा मंगळवारी नाशिकला सिव्हिलला जातो, गोळ्या घेतो. गोळीनं हात सुरुवातीला थोडा जड पडतो, म्हणून आज लय मागं गेली. सांभाळून घ्या." आन बसायच्या आधी म्हणले, "कुणाला यायचं असंल तर माझ्यासंगट चला. साडेसातची एसटी. मी कुणाला काही विचारणार नाही."

देवळात कुणी श्वास घेईना. एक म्हातारा म्हणला, वेड्याच्या डॉक्टरकडं जातो आन वर सांगतो. पखवाजी हसले फक्त.

पहिल्या मंगळवारी त्यांच्यासंगट कुणी गेलं नाही. दुसऱ्या महिन्यात एक बाई गेली, पोरगी झाल्यापासून ती बोलायची बंद झाली होती, सासूच घेऊन गेली. चौथ्या महिन्यात मी गेलो.

माझ्या बायकोला अजून वाटतं मी तेव्हा औषधाच्या दुकानात जायचो फवारणीचं सामान आणायला. हे वाचलं तर कळंल. कळू दे.

ठक्कर बाजारला उतरायचं, तिथून चालत. रांगेत नंबर लावायचा, मधी ते मला पखवाजाचे बोल म्हणून दाखवायचे, मांडीवर वाजवून. आजूबाजूचे बघायचे. त्यांना वाटत असंल हेच दोघं खरे पेशंट.

सातपूरकर (सोमवार, पहाटे २:०५)

दादा. तीनदा वाचलं.

मिसळ_जादा_तर्री (सोमवार, सकाळी ८:२०)

मी रहमानचा प्रतिसाद फार हुशारीत लिहिला होता. राहू दे तिथेच.

आडगावनाका (सोमवार, सकाळी ११:४५)

निफाडकर, 'भरल्या पोटाची' हा शब्द मागे घेतो. गिटारबद्दल माझं मत कायम आहे.

शब्दांची_पेटी (सोमवार, दुपारी २:३०)

दादा, तुमचे पखवाजी आम्ही पोस्टर लावून वर्षभरात करत नाही ते काम करून गेले. निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला, आणि बहुतेक आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचतच नाहीत. माझ्या अनुभवात बहुतेकांना डॉक्टर कुठे आहे हे माहीत असतं. दारापर्यंत जायला सोबत नसते. त्यांनी औषधाने हात जड पडतो हेही सांगितलं, ते मला सगळ्यात आवडलं. आपण दुष्परिणाम लपवतो आणि मग माणूस गोळी मध्येच सोडतो. (सोडू नका. हात जड वाटला, झोप जास्त आली तर डॉक्टरांना सांगा, ते मात्रा किंवा औषध बदलतात.)

गोदाकाठची (बुधवार, रात्री ११:३०)

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. उशीर झाला कारण काल बोलले त्याच्याशी.

क्लासहून आणायला मीच गेले. तो मागे बसला. कॅनडा कॉर्नरच्या सिग्नलला थांबलो तेव्हा विचारलं, पेटीताईंनी लिहिलं त्याच शब्दांत. सिग्नल हिरवा झाला तरी उत्तर नाही. मागचे हॉर्न वाजवायला लागले. पार पुढे गेल्यावर म्हणाला, "गेल्या वर्षी एकदा वाटलं होतं. आता नाही." मी गाडी बाजूला घेतली. मला वाटलं होतं मी रडेन, पण नाही रडले. "मग काय केलंस?" विचारलं. म्हणाला, "आर्याला फोन केला. आम्ही दोन तास गाणी ऐकली." आर्या त्याच्या वर्गातली. मला आजवर वाटत होतं की ही मुलगी त्याचा अभ्यासाचा वेळ खाते.

घरी आल्यावर त्याने सरांना देणार होता ते पाच मिनिटांचं भाषण दाखवलं. 'आदर्श' हा शब्द त्यात कुठेच नाही. चेस्टरच्या बायकोने तो गेल्यानंतर दोनेक महिन्यांनी एक व्हिडिओ टाकला होता. मृत्यूच्या ३६ तास आधीचा, घरात मुलांबरोबर जेली बीन खाताना तो खदाखदा हसतोय. तिने लिहिलं होतं, नैराश्य आम्हाला असं दिसलं. याने भाषणाची सुरुवात तिथून केली होती, आणि पुढे ती चालवत असलेल्या जनजागृतीबद्दल लिहिलं होतं. तिच्या मोहिमेच्या नावात ३२० आकडा आहे, अमेरिकन पद्धतीने २० मार्च, त्याचा वाढदिवस. मरणाची तारीख नाही घेतली तिने. हे मुलाने लाल शाईने अधोरेखित केलं होतं. आणि शेवटी सातपूरकरांनी लिहिलंय तेच वाईट वस्तीचं वाक्य, खाली त्याच्या गिचमिड अक्षरात: "म्हणून जो हसतोय त्यालाही विचारा."

सरांनी कागद उघडला असता तर, असं वाटलं. पण मीही दोन वर्षं भिंतीकडे बघितलं नव्हतं, तेव्हा सरांना काय बोलू. उद्या जाऊन भेटणार आहे त्यांना. भांडायला नाही. कागद वाचायला देणार. पुढच्या आठवड्यात पेटीताईंनी व्यक्तिगत निरोपात सुचवलेल्या समुपदेशकांची वेळही घेतली आहे. तो म्हणाला येतो, पण तू बाहेर बसायचं.

निफाडच्या दादा, तुमचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवला. त्याने विचारलंय, पखवाजींचं एखादं रेकॉर्डिंग आहे का?

निफाडचा_बागाईतदार (गुरुवार, सकाळी ६:४०)

मोबाइलवर आहे, आवाज फुटतो. पाठवतो. बायकोनं धागा वाचला. पुढच्या मंगळवारी ती येती म्हणली, बघायला की मी खरंच कुठं जातो.

तंबोरा (गुरुवार, सकाळी ७:१०)

गोदाकाठची, मुलाला विचारून सांगा, त्या चेस्टरचं पहिल्यांदा कोणतं ऐकावं? ओरडणं कमी असेल असं.

सातपूरकर (गुरुवार, सकाळी ७:२५)

काका, आहेत तशीही दोन-तीन. पाठवतो. हेडफोन आहे का तुमच्याकडे? स्पीकरवर नको.

तंबोरा (गुरुवार, सकाळी ७:४०)

नातीचा आहे. ती क्लासला गेली की ऐकतो.